उष्टं पाणी

"फ्लूबिलू म्हाताऱ्यांना होतो रे," असं म्हणत हिवाळाभर उघड्या डोक्याने हिंडणारा लंबू अखेर तापाने आडवा झाला आणि त्याचं नशीबच उघडलं. वर्गाची प्रतिनिधी रोज संध्याकाळी मास्क लावून होस्टेलच्या खोलीवर येऊ लागली. कधी गरम सूप आणायची, कधी संत्री. "गोळी घेतलीस का? खोटं बोलू नकोस, पाकीट दाखव," असं ती लंबूला दटावायची, तेव्हा समोरच्या कॉटवर पुस्तकात तोंड खुपसून बसलेल्या पंडिताचा नुसता जळफळाट व्हायचा. दोन वर्षं तो तिच्या मागच्याच बाकावर बसत होता, पण तिने त्याच्याकडे कधी साधं पेनसुद्धा मागितलं नव्हतं.

शेवटी त्याने मनाचा हिय्या केला. लंबूचा डोळा लागल्यावर त्याच्या पेल्यात उरलेलं पाणी तो घटाघटा प्यायला, वर त्याच्याच रुमालाने तोंड पुसलं आणि कण्हायची तालीम करत तापाची वाट बघू लागला. लंबू ठणठणीत होऊन मैदानावर गेला, तरी ताप काही पंडिताकडे फिरकला नाही.

आता ती शेजारच्या खोलीतल्या आजाऱ्याला सूप घेऊन निघाली होती. पंडित दारातच तिला आडवा गेला आणि कसाबसा म्हणाला, "मलाही जरा कणकण वाटतेय."

ती हसली. "तुला कसली कणकण? अख्ख्या वर्गात माझं ऐकून फ्लूची लस घेतलेला तू एकटाच. तुझी मला मुळीच काळजी वाटत नाही."