एक्का, राजा आणि कात्री

रविवारी दुकान बंद असलं की शिंपी आणि त्याची लेक कापायच्या टेबलावर पोकर खेळायचे, पैशांऐवजी बटणं लावून. आज शेवटच्या डावात मात्र कात्री पणाला लागली होती: जिंकेल त्याने उद्यापासून कापड कापायचं. शिंप्याचा हात हल्ली थरथरायचा, पण कात्री सुटत नव्हती. त्याच्याकडे एक्का आणि राजा आले, पण टेबलावर दोघांसाठी उघडलेली पाचही पानं हलकी. जोडी जमलीच नाही. लेकीने सगळी बटणं पुढे सरकवली. “बाबा, टाका की पानं. मोठं पान आलं की तुम्ही चिकटूनच बसता.” शिंप्याने बटणांकडे पाहिलं. तिने ती रंगाप्रमाणे ओळीत लावली होती. थाप मारताना ही तिची लहानपणापासूनची सवय. म्हणजे तिच्याकडे काहीच नव्हतं, नुसता एक्काही पुरला असता. त्याने पानं न दाखवता पालथी टाकली आणि डाव सोडला. “नुसती दुर्री-तिर्री होती,” तो म्हणाला आणि कात्रीची मूठ तिच्याकडे केली.