खिडकीखालची घरघर

शेजाऱ्याची गाडी रोज दुपारी माझ्या खिडकीखाली घरघरत उभी असायची. शिवायला आलेल्या कपड्यांनाही धुराचा वास यायला लागला, तेव्हा मी पोलिसांत तक्रार ठोकली. तरी आज राहवेना. कात्रीसकट खाली उतरले. “उभी गाडी चालू ठेवली की दंड होतो, माहितीये?” त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मागच्या सीटवर तान्ही लेक झोपली होती. “मावशी, हिची आई कामावर जाते. इंजिन बंद केलं की ही रडते.” “म्हणून धूर पाजणार तिला? आणा वर!” इंजिन बंद होताच पोरीनं रडून जिना डोक्यावर घेतला. मी तिला शिलाई मशीनशेजारी निजवून मशीन सुरू केलं. घरघरीनं तिचा डोळा लागला. तेवढ्यात हवालदार दारात आला. “तक्रार तुमचीच ना? कुठली गाडी?” “गाडी बंद आहे,” मी म्हणाले, “आणि हळू बोला.” मशीन चालूच होतं, सुईत दोरा नसताना.