एक तास पन्नास मिनिटं

अकरा पन्नास झाले आणि गच्चीवर उभ्या असलेल्या घड्याळजींनी मान वर केली. आकाश कोरं होतं.

त्यांची लाडकी कबुतरी, ठकी, आता दिसायलाच हवी होती. शर्यतीच्या सरावासाठी मेहुण्यानं शेजारच्या शहरातून बरोबर दहाच्या ठोक्याला तिला टोपलीतून सोडलं होतं, तसा फोनही केला होता. हवाई अंतर एकशे वीस किलोमीटर. वारा पडलेला. म्हणजे उड्डाणाला एक तास पन्नास मिनिटं. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा हा हिशेब; दोन-चार मिनिटांपलीकडे तो कधी चुकला नव्हता.

बायकोनं आदल्या दिवशीच हटकलं होतं.

"अहो, ती अंड्यांवर बसलीय. या खेपेला दुसरं कुणी पाठवा की."

"अंड्यांवरची मादीच जीव तोडून घरी येते," ते म्हणाले होते. "रविवारी शर्यत आहे. तुला त्यातलं कळत नाही."

कबुतरं उडवणाऱ्यांची ही ठरलेली युक्ती होती.

दुपार कलली, दिवस मावळला. ठकी आली नाही. रविवारी शर्यत झाली, तिकडे ते फिरकलेही नाहीत. रोज पहाटे गच्चीवर जायचे आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत वर बघत राहायचे. "घड्याळजी, मान आखडेल," शेजारचे मास्तर म्हणाले, "त्यापेक्षा विमानतळावर नोकरी धरा." एरवी त्यांनी दोन टोले परत हाणले असते. आता त्यांनी मानही खाली केली नाही.

खुराड्यात नर एकटा अंडी उबवत होता. आठव्या दिवशी दोन पिल्लं बाहेर आली. त्यांना भरवता भरवता तो निम्मा झाला. घड्याळजींना त्याच्याकडे बघवेना. एका आईची ओढ आपण शर्यतीला जुंपली, हे त्यांना आत कुठेतरी सलत होतं. पंधराव्या दिवशी त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "सगळी पाखरं देऊन टाकू. माझी लायकी नाही."

सोळाव्या दिवशी सकाळी जिन्यातून बायकोची हाक आली, दबक्या आवाजात.

"अहो, वर नका बघू. हळूच इकडे या."

जिन्याच्या मधल्या पायरीवर ठकी उभी होती. धुळीनं तिचा रंग ओळखू येत नव्हता. डावा पंख लोंबत होता. तिनं अंग आवळलं, एक पायरी उडी मारून चढली आणि धापा टाकत थांबली. मग पुढची. घड्याळजी उचलायला वाकले तसा बायकोनं त्यांचा हात धरला.

"येऊ दे तिची तिला."

दोघं भिंतीला चिकटून उभी राहिली. ठकी त्यांच्या पायांजवळून गेली, गच्ची ओलांडून खुराड्यात शिरली. नर बाजूला सरकला. तिनं पिल्लांना पोटाशी घेतलं आणि डोळे मिटले.

घड्याळजींनी तिचा पंख चाचपला. जखम ताजी नव्हती, कधीच सुकून काळी पडली होती. मग त्यांनी तिचा पाय पाहिला. नख्या मुळापर्यंत झिजल्या होत्या.

सोळा दिवस ते आकाशाकडे बघत होते, आणि ती रस्त्यानं चालत येत होती.