सागाखालचा भुईचाफा

जमनाचा हा दुसरा संसार. दर चैत्रात कासा गावच्या बाजारातून येताना ती वाट वाकडी करून सागाच्या रानात जाते आणि भुईचाफ्यापाशी बराच वेळ बसते, हे तिच्या नवऱ्यानं, धाकल्यानं, पाहिलं होतं. पान नाही, फांदी नाही, मातीतून थेट फूल. बायकोला एवढं आवडतं तर घरीच दिसू दे, म्हणून दिवाळीनंतर त्यानं तिथले सगळे कंद खणून आणले आणि गुपचूप अंगणात लावले.

चैत्रात अंगणात पांढरी-जांभळी फुलं उघडली. पाण्याचा हंडा घेऊन आलेली जमना तिथंच थांबली.

"कुठनं आणलीस?"

"तुझ्या रानातली. एक पण सोडलं नाही."

तिनं हंडा खाली ठेवला. "चल, जागा दाखव."

रानात सगळीकडे सागाची वाळकी पानं पडली होती. धाकल्या या झाडाखालून त्या झाडाखाली फिरला.

"गार्डाला कळू नये म्हणून खड्डे बुजवले, वर पाला टाकला. आता मलाच कळत नाही. पण जागा कशाला हवी तुला? फुलं घरी आहेत ना."

जमना खाली बसून हातांनी पाला बाजूला करू लागली.

"माझं पहिलं लेकरू दात यायच्या आधी गेलं. तेवढ्याला जाळत नाहीत, पुरतात. खुणेला दगड ठेवला तर चुलीसाठी कोणी उचलून नेईल, म्हणून मी फुलं लावली होती."