पहिला काप

मसाला चोळलेल्या मांसाचे पातळ काप साच्यात थरावर थर रचून आचारी तळहाताने दाबत होता. हॉटेलात हा ग्रीक गायरो उभ्या सळईवर भाजतात; घरी पावाच्या साच्यात, वर वीट ठेवून. हात अजून तरबेज होते. तापाने नेली होती ती फक्त जिभेची चव. खारट, गोड, काही कळत नव्हतं, आणि हे बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

दुपारी हॉटेलचे मालक जेवायला येणार होते. गायरो पसंत पडला तर आचाऱ्याला कामावर परत घेणार, नाहीतर दुसरा माणूस बघणार.

तो अंघोळीला गेला तशी बायकोने वीट उचलली. परवाची त्याची भाजी ठार अळणी झाली होती. विचारावं तर त्याच्या मनाला लागायचं. तिने थर उलगडले, मीठ लावलं आणि होते तसे रचून ठेवले.

भाजल्यावर चाखून बघू, असं तिने ठरवलं होतं. पण मालक वेळेआधीच आले, आणि पहिला काप पाहुण्याच्या ताटलीत हा आचाऱ्याचा जुना नेम.

मालकांनी घास घेतला. जरा थांबले. पाणी प्यायले. मग दह्यात बुडवून मुकाट्याने खात राहिले. बायको ओट्याला टेकून उभी होती.

"काय, जमलंय का?" आचाऱ्याने विचारलं.

"हात तोच आहे तुमचा," मालक म्हणाले. "सोमवारपासून या. सुरी तुम्हीच धरायची. मसाल्याचं मात्र आता माझी बहीण बघेल. वय झालं, किती राबाल?"

केस तुमचे गेले आणि म्हातारा मी होय, असं आचारी म्हणाला. मालकही हसले. उरलेलं सगळं त्यांनी घरच्यांसाठी म्हणून बांधून घेतलं, साच्यातला चुरासुद्धा.

दार लागलं. आचारी खुर्चीत सैलावून बसला.

"बघितलंस? हाताला अंदाज आहे अजून. मीठ तर तू झोपेत होतीस तेव्हाच लावलं होतं. जरा सढळच. परवा भाजीवर तू वरून मीठ घेताना दिसलीस. म्हटलं, पुन्हा अळणी नको व्हायला."

बायकोने सुरी धुवायला घेतली. पात्याला एक तुकडा चिकटून राहिला होता. तिने तो तोंडात टाकला आणि त्याच्याकडे पाठ करून बेसिनमध्ये थुंकला.

टेबलावर मालकांची ताटली लख्ख होती. शेजारी पाण्याचा जग, तळापर्यंत रिकामा.