सात माणसं, एक बांबू

"सात," केर्तोआजोबा म्हणाले आणि पेन्सिल वहीवर टेकवून थांबले.

डोंगराच्या दारात सगळे थबकले. विषम आकड्यानं वर जायचं नाही, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्याला जोडीदार नाही, त्याला डोंगर ठेवून घेतो. केर्तोआजोबा दारावरचे राखणदार. पहाटे माणसं मोजून वर सोडायची आणि संध्याकाळी मोजून घरी पाठवायची, हेच त्यांचं काम.

वार्सितोनं मागे वळून आपली माणसं पाहिली. मुलगा गुंतूर, मुलगी एंदाह, जुना मित्र मुल्यादी, त्याची बायको आणि मुलगा. अकरा वर्षं हीच माणसं एका दिवसात डोंगर चढून उतरत आली होती. गेल्या वर्षी वार्सितोची बायको तुमिनी वारली म्हणून कोणी आलं नव्हतं. यंदा गुंतूरची नवी बायको वेनिंग सोबत होती.

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. कोणी ठरवलं नव्हतं, आपोआपच वळल्या. गुंतूर म्हणाला, तसंही मोटारसायकलींपाशी कोणीतरी थांबायला हवंच, आई थांबायचीच की. मुल्यादीच्या बायकोनं मान डोलावली. नव्या सुनेला एवढा चढ झेपणारही नाही म्हणाली.

वेनिंगच्या पायात नवे कोरे बूट होते. सवय व्हावी म्हणून दोन आठवडे ती ते घालून अंगणात फिरत होती. ती दारापाशीच्या चहाच्या टपरीच्या पायरीवर बसली आणि नाडी सोडू लागली.

"जा तुम्ही," ती हसून म्हणाली. "माझा गुडघाही जरा दुखतोय."

हे वाक्य वार्सितोनं ऐकलं होतं. अकरा वेळा, याच दारात. तुमिनी असंच म्हणायची, असंच हसून. संध्याकाळी सगळे उतरले की ती आल्याचा चहा ओतायची आणि एकेकाला विचारायची, वरून काय काय दिसलं? दमलेला वार्सितो म्हणायचा, धुकं, दुसरं काय दिसणार. घरी तिचा गुडघा दुखल्याचं त्याला काही केल्या आठवेना. तांदळाचं पोतं ती एकटी उचलायची.

तो टपरीमागच्या बांबूच्या बेटात गेला. कोयता मागून घेतला, खांद्याएवढा एक बांबू तोडला आणि आणून दारात उभा केला.

"नाडी बांध, पोरी," तो म्हणाला. "आजोबा, आठ लिहा. हा आठवा."

गुंतूरचा चेहरा उतरला. डोंगराशी कसली थट्टा करता बाबा, असं तो हळूच म्हणाला. मुल्यादीनं तर हात जोडले. वार्सितो मागे हटला नाही. डोंगराला एकटाच कोणी हवा असेल तर मी आहे की, तो म्हणाला, मला तरी आता कुठं जोडीदार आहे? घेऊ दे मला ठेवून.

केर्तोआजोबांनी त्याच्याकडे पाहिलं, बांबूकडे पाहिलं आणि मुकाट्यानं आठ लिहिलं. वार्सितोच्या दुःखाचा मान राखला, असं सगळ्यांना वाटलं.

चढ सरता सरेना. सुरुवातीला मुल्यादी टिंगल करत होता. तुझ्या आठव्याला पाणी पाज, दमला असेल बिचारा. पण धुकं उतरलं तशी त्याचीही बोलती बंद झाली. कोणाचा पाय घसरला की सगळे आधी बांबूकडे बघायचे. एंदाह पडली, तिचं कोपर सोलवटलं, तेव्हा गुंतूर म्हणाला, बाबा, टाकून द्या आता तो. वार्सितोनं टाकला नाही. सात तास तो बांबू खांद्यावर घेऊन चढला. स्वतःचे पाय लटपटत होते, तरी त्यावर भार म्हणून टाकला नाही. अकरा वर्षं तुमिनीवर टाकला तेवढा पुरे, असं त्याच्या मनात आलं.

माथ्यावर धुकं फाटलं. वेनिंग नुसती बघत राहिली. वार्सितोनं केळीच्या पानात बांधलेला भात काढला. आठ पुड्या होत्या, सवयीनं तुमिनीचीही बांधली गेली होती. आठवी त्यानं बांबूपाशी ठेवली. कोणी हसलं नाही. मग तोही बघायला बसला. समोरच्या ज्वालामुखी डोंगराचा धूर, खालची तंबाखूची शेतं, मशिदीचा इवलासा घुमट, नदीचं वळण. एकेक नीट बघत होता, खाली गेल्यावर कोणाला तरी सांगायचं असावं तसं.

दिवेलागणीला सगळे दारात उतरले. केर्तोआजोबांनी एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजलं. शेवटी बांबूला हात लावला.

"आठ. बरोबर."

बोलणी खायची तयारी करून आलेला वार्सितो बघतच राहिला. रागावला नाहीत का, असं त्यानं विचारलं. रागवायचं कशाला, म्हातारे म्हणाले. विषम असले की लोक बांबूच नेतात. त्यांच्या आजाच्या वेळेपासूनची रीत होती ती.

वार्सितोनं बांबू जमिनीवर टेकवला आणि पहिल्यांदाच त्याचा आधार घेतला.

"मग अकरा वर्षं आम्हाला का नाही सांगितलंत?"

केर्तोआजोबांनी वही मिटली.

"सांगणार कधी? माझी मोजणी सातावर यायच्या आत तुमची बायको बूट काढून बसलेली असायची. आणि तिला ऊठ असं कोणी म्हणायचं नाही."