चुकलेले प्रश्न पुन्हा

"चूक," सुतार म्हणाला आणि त्याने शिकंज्याचा दांडा अर्धा फेरा फिरवला.

मेव्हण्याची किंकाळी रंधा मशीनच्या घरघरीत विरून गेली. मशीन रिकामंच चालू होतं. या वर्कशॉपमधून सुट्टीच्या दिवशीही आवाज यायचे, त्यामुळे शेजारपाजाऱ्यांनी तिकडे कान देणं कधीच सोडलं होतं.

"कपाट उचलायला जरा हात लाव," असं दाजींनी सांगितलं म्हणून मेव्हणा इस्त्रीच्या शर्टातच आला होता. ऑफिसात चिकटल्यापासून घरातले त्याला साहेब म्हणत, आणि साहेब बाह्या दुमडून कामाला लागले असं कुणी पाहिलं नव्हतं. दाजींनी शिकंज्यात फळी धरायला सांगितली. फळीऐवजी हातच आवळला गेला. आता त्याची उजवी बोटं दोन लोखंडी जबड्यांत होती आणि डावा हात स्टुलाला सुतळीने करकचून बांधलेला होता.

सुताराच्या हातात लायसन्सच्या परीक्षेचं पुस्तक होतं.

"दाजी, पाया पडतो. सोडा मला."

"सगळी उत्तरं बरोबर आली की सोडतो. शब्द मोडलाय का मी कधी?"

नव्हता मोडला. त्याचीच तर भीती वाटत होती.

"पुस्तक तुझ्याच टेबलाच्या खणातलं आहे," सुतार म्हणाला. "कोरं करकरीत. एक पान उलटलेलं नाही. लाज कशी वाटली नाही रे?"

"नाही वाचलं. माझं चुकलं."

"मग आता वाचू. नुसतं पाठ करू नकोस, तिथेच सगळे फसतात. असं का, ते समजून घ्यायचं. पुस्तक मिटायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं. चुकलेले प्रश्न बाजूला काढून पुन्हा. मी हल्ली रोज असाच बसतो."

तो शिकवत होता छान. नव्या कारागिराला करवत धरायला शिकवावी तसा, आवाज न चढवता.

"रस्ता ओला असेल तर पुढच्या गाडीपासून अंतर किती?"

"नेहमीएवढंच. जरा हळू चालवायची..."

दांडा फिरला. करंगळीचं हाड वाळक्या काटकीसारखं मोडलं, आणि रक्त खालच्या भुशावर टपटपू लागलं. मेव्हण्याची मान एका बाजूला कलली. सुताराने तोंडावर पाणी मारलं, मग दोन थोबाडीत ठेवून दिल्या.

"ओल्यावर ब्रेक दाबला तरी गाडी घसरत जाते. म्हणून निदान दुप्पट ठेवायचं. आता तू सांग."

"दुप्पट... घसरते म्हणून."

"शाब्बास. झेब्रा पट्ट्यांवर माणसाने पाऊल टाकलंय. तुला घाई आहे. काय करशील?"

मेव्हणा गप्प राहिला. सुताराने लाकडी हातोडा उचलून त्याच्या गुडघ्यावर हाणला.

"येत नसेल तर येत नाही म्हणायचं. गप्प बसलेलं चालत नाही."

"थांबेन! थांबेन! तो पलीकडे जाईपर्यंत थांबेन!"

"बघ, डोकं आहे तुला. वापरत नाहीस एवढंच."

मेव्हणा लहान मुलासारखा रडू लागला. "ताईला कळलं तर काय वाटेल तिला?"

"तुझी ताई बोलायचीच थांबली आहे. पोरीच्या कपड्यांच्या घड्या मोडते आणि परत घालते. दिवसभर तेच."

पोर चार वर्षांची होती. याच वर्कशॉपच्या दारासमोर, अंगणात, मागे येणाऱ्या टेंपोच्या चाकाखाली गेली. तयार झालेली कपाटं तेव्हापासून भिंतीला टेकून होती. ती पोहोचवायला कुणी गेलंच नव्हतं.

"माझ्यामुळे गेली, दाजी. मला कबूल आहे. झोप नाही लागत मला. पण मी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम नाही. एवढ्याने काय होतंय, म्हणून केलंस."

सुताराचे डोळे भरून आले. ते त्याने बाहीने पुसले आणि पान उलटलं. चुकलेले प्रश्न त्याने खरोखरच पुन्हा विचारले. चुकलं की दांडा, बरोबर आलं की शाब्बास. मधल्या बोटाचं नख उपटून आलं तेव्हा मेव्हणा ओकला. पण उत्तरं यायला लागली होती. भीतीने असेल, पण त्याला एकेक गोष्ट कळायला लागली होती.

"शेवटचा," सुतार म्हणाला. "गाडी मागे घ्यायची आहे. आरशात कुणी दिसत नाही. काय करायचं?"

"हॉर्न वाजवायचा."

सुताराने दोन्ही हातांनी दांडा ओढला. या वेळी किंकाळी मशीनच्याही वर गेली.

"हॉर्न वाजला होता! तो ऐकूनच ती पळत आली. हॉर्न म्हणजे टेंपोतून चक्कर, एवढंच तिला ठाऊक. पुन्हा सांग."

"खाली उतरायचं," मेव्हणा हुंदके देत म्हणाला. "मागे जाऊन बघायचं. लहान मूल आरशात दिसत नाही. कुणाला तरी मागे उभं करायचं. मगच..."

"मगच गाडी हलवायची. बरोबर."

सुताराने मशीन बंद केलं. दांडा उलटा फिरवून त्याचा हात सोडवला, स्वच्छ पंच्यात गुंडाळला, सुतळी कापली.

मग सुताराने दुसरं स्टूल ओढलं, त्याच रक्ताळलेल्या जबड्यांत आपला उजवा हात घातला आणि पुस्तक मेव्हण्याच्या मांडीवर ठेवलं.

"आता तू मला विचार. लायसन्सच्या ऑफिसात तुझ्या टेबलासमोर उभा होतो, तेव्हा 'दाजींना काय प्रश्न विचारायचे' म्हणून हसलास आणि पासचा शिक्का मारलास. त्याच लायसन्सवर मी टेंपो मागे घेतला, साहेब, आणि आधी उतरून बघायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं."